नखलगाह करारातलं शेवटचं पान

१

काचेच्या कपाटातून पंजाबरावांनी ते लांबोडकं पुस्तक काढलं, मागच्या बाजूने उघडलं आणि ते ओरडलेच.

"पान कुठी गेलं? सोनेरी पान कुठी गेलं?"

१९६० सालच्या जानेवारीतला रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते. अमरावतीत अंबागेटच्या आत जे वाचनालय होतं, त्याच्या नव्या हॉलचं त्या दिवशी पाचला उद्घाटन होतं. हॉलला नाव द्यायचं होतं शेषराव तारवाल्यांचं. पाटी रंगवून तयार होती, खुर्च्या लागल्या होत्या, दारावर झेंडूचं तोरण होतं. आणि ज्या पुस्तकापायी हा सगळा थाट, त्याचंच एक पान गायब!

ललिता हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर तारयंत्राचे स्क्रू आवळत होती. ती अकोल्याच्या तारघरात तारवाली होती, वय सव्वीस, नोकरीला दीड वर्ष झालेलं. लोकांना तार कशी जाते ते दाखवायला तिला दोन यंत्रं देऊन मुद्दाम पाठवलं होतं. तिच्या घरात सरकारी नोकरी लागलेलं तीच पहिलं माणूस. नोकरी लागली तेव्हा तिच्या आईने अख्ख्या मोहल्ल्यात गूळ वाटला होता.

पंजाबराव वाचनालयाचे चिटणीस. माणूस कामाचा, पण डोकं भट्टीसारखं तापायचं. ते पुस्तक घेऊन सरळ तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाई, कपाटाची चाबी कोनाजवळ होती?"

"माझ्याजवळ. तुमीच देल्ली सकाळी."

"मंग पान कोनं नेलं?"

ललिताचे कान तापले. "मी दुपारी छतावर तार ओढून राहिली होती, पंजाबराव. अर्धा तास. चाबी टेबलावर होती, यंत्राजवळ."

"म्हंजे उघडी टाकून गेल्या! बाई, मले तुमच्या हापिसात लिवा लागते. माझा इलाज नाही."

ललिताने हातातला पेचकस खाली ठेवला. लिहिलं तर पुढे काय होईल, ते तिला माहीत होतं. चौकशी बसेल, आणि चौकशीत काहीही निघालं तरी 'हिच्या ताब्यातून सरकारी करारातला कागद गेला' ही ओळ तिच्या नावापुढे कायमची चिकटेल.

"पाच वाजेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "तोवर पान नाही सापडलं, तं तुमच्यासाठी पत्र मीच लिहून देतो."

पंजाबरावांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग पुस्तक तिच्या हातात देत म्हणाले, "पाच म्हंजे पाच."

२

आधी त्या पुस्तकाची गोष्ट.

इंग्रजांना लंडन आणि हिंदुस्थान तारेने जोडायचे होते. पण मधला मुलूख त्यांचा नव्हता, इराणच्या शहाचा होता. दुसऱ्याच्या अंगणातून दोरी न्यायची तर घरमालकाला विचारावं लागतं. खांब कोणाचे, तार कोणाची, राखण कोणी करायची, यंत्रावर बसायचं कोणी, हे सगळं करारात लिहून दोन्ही सरकारांनी शिक्के मारले. मोठ्या कराराला गावागणिक, ठाण्यागणिक पुरवण्या लागत गेल्या. शेषरावांजवळ होती ती समुद्रकाठच्या नखलगाह नावाच्या एवढ्याशा ठाण्याची पुरवणी.

शेषराव चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याचं पोर. विसाव्या वर्षी तारखात्यात भरती होऊन ते बोटीने इराणला गेले. १९३१ साली इंग्रजांनी तिथल्या तारा इराण सरकारच्या हवाली केल्या, तेव्हा परतले. ठाणं सोडताना साहेबाने कराराची एक जादा प्रत त्यांच्या हातावर ठेवली होती.

त्या कराराचं एक कलम अमरावतीत पोरासोरांनाही पाठ होतं. नखलगाहची तार सलग आठ दिवस बंद पडली, तर ठाणं इंग्रजांच्या हातून जायचं आणि इराणी सरकार ते ताब्यात घ्यायचं. १९१३ साली वादळ झालं, खांब आडवे झाले, तार तुटली. आठव्या दिवशी इराणचा वकील हातात घड्याळ घेऊन ठाण्याच्या दारात येऊन बसला. आणि सूर्य मावळायच्या आत एका वऱ्हाडी माणसाने छातीइतक्या खाऱ्या चिखलातून तार ओढत नेऊन जोडली! तो माणूस म्हणजे शेषराव, असं सारं गाव सांगायचं. म्हणूनच हॉलला त्यांचं नाव.

ललिता खुर्चीत बसली आणि सकाळपासूनचं एकेक आठवू लागली.

दुपारी ती छतावर गेली तेव्हा हॉलमध्ये कोण होतं? पंजाबराव पाटी लावून घेत होते. परतवाड्याचे जानराव होते, जुनी तिकिटं आणि शिक्के जमवायचा नाद असलेले. ते सकाळपासून कपाटाभोवती घिरट्या घालत होते. पुस्तकातली फारसी उलगडून सांगायला हायस्कूलचे हमीदुल्ला मास्तर आले होते. शेषरावांच्या बायको, मैनाबाई, शेजारच्याच घरातून सगळ्यांचं जेवण घेऊन आल्या होत्या, आणि भांडी रिकामी होईपर्यंत भिंतीला टेकून नातवाचं टोपडं शिवत बसल्या होत्या. खुद्द शेषराव मात्र सकाळचा चहा झाल्याबरोबर टांगा करून बडनेऱ्याला गेले होते. कशाला, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती पहिल्यांदा जानरावांकडे गेली. ते व्हरांड्यात संत्रं सोलत बसले होते.

"तुमाले माझ्यावरच शक असंन," ते आपणहून म्हणाले. "असायलेच पाह्यजे. तुमच्या जागी असतो तं मीबी माझ्यावरच घेतला असता."

"मंग नेलं का पान?"

"बाई, पुस्तक मधात उघडा."

ललिताने उघडलं. मधोमध, इंग्रजी मजकूर संपतो तिथे, दोन लाखेचे शिक्के होते. एक लाल, एक काळपट हिरवा, त्यावर सिंह आणि सूर्य.

"ह्या हिरव्या शिक्क्यासाठी मी माझं घर देऊन टाकीन," जानराव म्हणाले. "सोनेरी बेलबुट्टीचं मी काय करू? चोरी कराची तं शिक्क्याची करीन नं!"

ललिताला हसू आलं. माणूस खरं बोलत होता. लोभी माणसाने आपला खरा लोभ समोर ठेवून द्यावा, याहून मोठा पुरावा कोणता!

तिने पुस्तक उन्हात धरलं. पानं कडेने हिरव्या रेशमी दोऱ्याने शिवलेली होती. पान फाडलेलं नव्हतं, कापलेलंही नव्हतं. टाके उसवून ते अलगद काढलं होतं. आणि मग बाकीची पानं सुटू नयेत म्हणून त्याच दोऱ्याने, तोकडा पडला तिथे पांढरा धागा जोडून, सगळं पुस्तक परत शिवून ठेवलं होतं.

चोराने चोरी केली होती, आणि वर पुस्तकाची काळजीही घेतली होती.

३

अकोल्याच्या तारघरात ललिताला काम शिकवणारे एक म्हातारे तारमास्तर होते. ते म्हणायचे, "तारेत चूक आली की नुसती दुरुस्त करू नको. ती कोनं केली, ते चुकीलेच विचार." आणि खरोखर, महिन्याभरात ललिताला नुसत्या चुकीवरून ओळखू येऊ लागलं, की पलीकडे मूर्तिजापूरचा मास्तर बसलाय की खामगावचा. घाईने करणाऱ्याची चूक वेगळी, अर्धवट कळलेल्याची वेगळी.

ती पुस्तक घेऊन हमीदुल्ला मास्तरांपाशी आली. मास्तर साठीचे, पांढरी दाढी, जरा थकलेले डोळे. वाचनालयाच्या बाकावर अंग चोरून बसले होते.

"मास्तर, गेलेल्या पानावर काय होतं?"

"कुछ नाही, बेटी. शहाचे खिताब. 'सूर्यासारखा तेजस्वी, सिंहासारखा शूर', असं दोन हात लांब. कराराचा मजमून काहीच नाही. फारसीचं ते पहिलं पान."

"पहिलं?"

"हो नं. फारसी उजवीकडून चालते. इंग्रजी ह्या टोकापासून सुरू होते, फारसी त्या टोकापासून. दोन्ही मधात येऊन भेटतात. जसे दोन शेजारी बांधावर भेटतात तसे."

ललिता एकदम ताठ बसली. तिला सकाळचा चहा आठवला. ती यंत्राला तारा जोडत होती, आणि मास्तर शेषरावांना म्हणाले होते, 'काल रात्री सगळं वाचून काढलं, शेषराव. असली बात तं शेवटच्या पानावर हाये. तार कोनं जोडली त्याचं नाव.' शेषरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. 'आत्ता नाही, मास्तर. पाच वाजता सांगजा,' असं म्हणून ते तडक टांगा बघायला निघून गेले होते. तेव्हा तिथे सगळेच होते.

"मास्तर, तुमी सकाळी म्हणाले ते शेवटचं पान कोणतं? गेलं ते?"

"नाही, बेटी! फारसीचं शेवटचं पान मधात. हे काय, शिक्क्यांच्या मागं. शाबूत हाये."

"वाचून दाखवा."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग इराणच्या वकिलाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी ते सावकाश सांगू लागले.

"'आठव्या दिवशी सूर्यास्ताला घटकाभर बाकी असताना तार बोलू लागली. करारापरमाने ठाणं इंग्रजांकडेच राहील. माझ्या सरकारचं नुकसान झालं. पन ज्या माणसानं खाऱ्या दलदलीतून तार खांद्यावर आणली, त्याचं नाव मी खुशीनं लिहितो, कारन असं काम मी पाहिलं नव्हतं. तो तारेचे खांब रोवनारा खलाशी...'"

मास्तर थांबले.

"बोला नं, मास्तर."

"'...वऱ्हाडचा डोमाजी.'"

ललिताने दाराकडे पाहिलं. वर नवी पाटी चमकत होती. तिच्यावर डोमाजी हे नाव कुठेच नव्हतं.

४

साडेतीन वाजून गेले होते. ललिताने डोळे मिटून एकेक माणूस समोर उभं केलं.

कोणाला तरी ते नाव लपवायचं होतं. सोनं नको होतं, शिक्के नको होते. 'शेवटचं पान' हवं होतं, आणि त्या माणसाने चुकीचं नेलं. हीच ती चूक. आता चुकीलाच विचारायचं.

मास्तरांना फारसीचं शेवटचं पान कुठे असतं ते पक्कं माहीत. पंजाबरावांनी पुस्तकाची यादी केली होती, मागचं सोनेरी पान म्हणजे फारसीची सुरुवात, हे त्यांनीच यादीत लिहिलं होतं. जानरावांना मधल्या शिक्क्यांपलीकडे दुनिया दिसत नव्हती. शेषरावांची वीस वर्षं इराणात गेली, आणि ते तर बडनेऱ्याला होते. मग असं कोण, ज्याला पुस्तकाचं मागचं पान तेच शेवटचं वाटेल? ज्याला इंग्रजी येत नाही, फारसी येत नाही, ज्याने पुस्तक कधी उघडलंच नाही. पण सुई चालवता येते. आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा उडालेला रंग ओळखता येतो.

सकाळी मास्तर बोलत होते, तेव्हा कपबशा कोण गोळा करत होतं?

ललिता उठली आणि शेजारच्या घरात गेली.

मैनाबाई चुलीपुढे बसून पाटवड्या थापत होत्या. पाहुण्यांसाठी मोठ्या गंजात रस्सा उकळत होता, वर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेला.

"ये पोरी, बस. वडी खातं?"

"खाईन. पहिले एक सांगा, काकू. शेवटचं पान काहून काढलं?"

मैनाबाईंचा हात ताटावरच थांबला. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"तुले कसं समजलं?"

"टाके लई बारीक घातले तुमी. चोर इतके चांगले टाके घालत नसते."

म्हातारी पदराने हात पुसत उठली. कोपऱ्यातल्या पेटीत, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत, सोनेरी पान अंगावर सुरकुती न पडता झोपलेलं होतं.

"चाळीस वर्सं मी पाहून राहिली," मैनाबाई म्हणाल्या. "कोनी म्हणलं, शेषराव, तार जोडाची गोष्ट सांगा, की हे सांगत. पन सांगतानी 'मी जोडली' असं म्हनत नसत. 'तार जोडल्या गेली' म्हनत. लोकाईनं त्याहीले जोडनारा करून टाकलं, अन् हे गप रायले. मले समजत होतं, कुठी तरी काटा हाये. आज मास्तर बोलले अन् याहीचं तोंड पाह्यलं... म्हणलं, आजचा दिवस जाऊ दे. सारे जेवत होते, चाबी टेबलावर दिसली, टोपड्याआड धरून टाके उसवले. उद्या परत शिवून ठेवीन. साऱ्या गावापुढे म्हाताऱ्याची फजिती नको."

"काकू, हे ते पान नाही. नावाचं पान पुस्तकातच आहे."

"अवो माय!" मैनाबाई मटकन खाली बसल्या. मग त्यांना स्वतःचंच हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हंजे मी शहाचे खिताबच चोरले!"

ललिताही हसली, पण तिचं हसू लवकर विझलं. ते म्हातारीच्या लक्षात आलं.

"काय झालं?"

"काही नाही. चाबी माझ्याकडे होती. पंजाबराव माझ्या हापिसात लिवनार होते."

"तुयावर आळ?" मैनाबाई ताडकन उठल्या. चुलीतली लाकडं त्यांनी मागे ओढली, पान उचललं, डोक्यावर पदर घेतला. "चाल. पाटवड्या राहू दे. मीच सांगतो त्या पंजाबरावाले."

"पण मंग काकांचं..."

"त्याहीचं ते पाहून घेतील. दुसऱ्याच्या लेकीच्या पोटावर पाय देऊन मले नवऱ्याची इज्जत नाही पाह्यजे."

दोघी दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. गल्लीत टांगा थांबला होता. शेषराव खाली उतरून, सत्तरीच्या एका काळ्यासावळ्या, उंच माणसाला हात देत होते. त्या माणसाने पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं, कोटाला निळी फीत लावलेली होती.

"मैना," शेषराव म्हणाले, "हा डोमाजी. मूर्तिजापूरहून आला. मीच बलावला, बडनेऱ्याले गाडीवरून उतरवून आनला."

५

पाच वाजता हॉल गच्च भरला. पंजाबरावांच्या हातात पान केव्हाच पोचलं होतं, मैनाबाईंनी सगळं सांगितलंही होतं. उद्घाटनाची कात्री तबकात तशीच ठेवून ते आधी माइकपुढे गेले.

"लोकहो, एक गोष्ट पहिले. आज दुपारी मी एका कर्मचारी बाईवर चोरीचा शक घेतला. त्याही निर्दोष हायेत. चोर त्याहीनंच शोधला, अन् चोरबी निर्दोष निघाला. माझंच चुकलं. ललिताबाई, मले माफ करा." आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. ललिताने मान हलवली.

मग शेषराव उठले. त्यांनी हमीदुल्ला मास्तरांना मधलं पान वाचायला लावलं.

"हे मले सत्तेचाळीस वर्सं मालूम हाये," शेषराव म्हणाले. "सुट्टीवर पहिल्यांदा आलो तव्हा चावडीवर गोष्ट सांगितली. डोमाजीचं नाव घेतलं तं लोकाईनं कान नाही देल्ला. तो कोन, कोन्या घरचा, हे पाहून त्याहीनं ते नाव गाळलं अन् माझं भरलं. लोकाईनं देल्लं अन् मी घेतलं. लोकाईची चूक अर्धी, माझी पुरी. म्हून आज ह्याले बलावलं. पाटी उतरवा, पंजाबराव."

सगळ्यांचे डोळे डोमाजींकडे वळले. ते सावकाश उठले. आवाज अजून खांबावरून हाक मारावी तसा होता.

"तुमाले आज समजलं होय?" ते म्हणाले. "आमच्या मोहल्ल्यात तं लहान लहान पोट्ट्याईले मालूम हाये! माह्या नातवंडाईले इचारा. ते तं चिखल गळ्यापर्यंत होता म्हनतात. होता छातीपर्यंतच, पन मी काही बोलत नाही."

पहिल्यांदा जानराव हसले, मग सगळा हॉल. हसता हसता लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. डोमाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"पाटी उतरवा म्हनतो हा. उतरवाच. माह्याशिवाय ती नाहीच लागाले पाह्यजे. पन तार जोडली म्हंजे काम होत नसते. ठाण्यात हा अंगात ताप घेऊन आठ दिवस यंत्रापुढे बसून होता. तार जिती झाली, त्या मिनिटाले पयला संदेश यानं धाडला. झोपला असता तं त्या वकिलाचं घड्याळ जितलं असतं. दोघाईचं लिवा. माह्यं पहिले."

पंजाबराव तिथल्या तिथे रंगाऱ्याला हाक मारायला धावले.

ललिताने यंत्र सुरू केलं. एक हॉलमध्ये, दुसरं बाजूच्या खोलीत. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना तार करावी असं ठरलं. शेषराव आतल्या खोलीत जाऊन बसले. डोमाजींना यंत्र चालवता येत नव्हतं, म्हणून ते सांगतील तसं ललिता ठोकणार होती. डोमाजी तिच्या कानाशी वाकले आणि हळूच एक शब्द बोलले. तो मराठी नव्हता. ललिताने एकेक अक्षर विचारून तो पाठवला.

आतल्या खोलीत यंत्र खडखडलं, आणि शेषरावांचा आरडाओरडा ऐकू आला, तोही तसल्याच परक्या भाषेत. डोमाजींनी बसल्या जागेवरून खणखणीत उत्तर दिलं. आतून त्याहून मोठं आलं. सत्तरीचे दोन म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांवर तुटून पडले होते, आणि दोघांच्याही आवाजात हसू मावत नव्हतं.

"काय म्हणून राहिले, मास्तर?" ललिताने विचारलं.

हमीदुल्ला मास्तर पाच वेळचे नमाजी, सभ्य माणूस. त्यांचे कान लालबुंद झाले होते, दाढी हसण्याने हलत होती.

"बेटी," ते रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "ही बंदरावरच्या हमालाईची फारसी हाये. मी हायस्कुलात शिकवतो, ती नाही. याचा मराठीत तर्जुमा होनार नाही."

मैनाबाईंनी पाटवडी-रश्शाचं ताट ललितापुढे ठेवलं. ललिताने एक वडी उचलली, रश्शात बुडवली, आणि दुसऱ्या हाताने डोमाजींचा पुढचा शब्द ठोकायला घेतला.